४० मिनिटांत घर झाडून-पुसून होतं का हो?

ह्या वेळी पत्रं, फोन, व्हॉट्सॲप सगळं मिळून जे प्रश्न आले त्यातले निम्मे कामवाल्या बाईंचेच निघाले, म्हणून म्हटलं एकदा हाच विषय घेऊन टाकू. दिवाळी जवळ आली की इंदौरात दोनच गोष्टींची चर्चा असते, सराफ्यातली गर्दी आणि बाईच्या सुट्ट्या.

प्रश्न : ताई, आमचा राजेंद्रनगरला २ बीएचके आहे. आम्ही दोघं नोकरीवाले, मुलगी सातवीत. गेल्या महिन्यात नवी बाई लावली, झाडू-पोछा आणि सकाळची भांडी. आधीची बाई दीड तास घ्यायची, ही ४० मिनिटांत हात पुसून निघते आणि पैसे तेवढेच. सासूबाई देवासहून आल्या होत्या, त्यांनी चक्क घड्याळ लावून बघितलं आणि आता रोज फोनवर विचारतात की किती मिनिटं झाली. बाई आम्हाला फसवते आहे का? किती वेळ लागायला हवा?

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मीही तेच केलं, म्हणजे घड्याळ लावलं, पण बाईवर नाही, स्वतःवर. गेल्या रविवारी आमची बाई आली नव्हती, घर टिळकनगरला, ८५० चौरस फुटाचं, म्हटलं चला, मोबाइलवर टायमर लावून करू. झाडू १८ मिनिटं, पोछा २५, चार जणांच्या चहा-पोह्यांची भांडी २०. म्हणजे तासाच्या वर झाला आणि कमरेचं जे झालं ते वेगळंच. आता माझं वय ५८, हाताला सवय नाही, दर दोन मिनिटांनी उभी राहते. जी बाई रोज पाच घरं करते ती झाडू १२ मिनिटांत, पोछा १५ मिनिटांत मारते, भांडी १३-१४ मिनिटांत होतात. बेरीज करा, तुमचे ४० मिनिटं होतात. तेव्हा फसवते आहे असं लगेच म्हणता येत नाही, पण घड्याळ अगदी काठावर आहे हेही खरं, त्यात एकही गोष्ट जास्तीची बसत नाही.

मग बघायचं काय? बादली. फरशी पुसणाऱ्या बाईचं सगळं रहस्य बादलीतल्या पाण्यात असतं. दोन खोल्या झाल्या की पाणी बदलायला हवं, नाहीतर पहिल्या खोलीची धूळ चौथ्या खोलीत नेऊन पसरवली एवढंच होतं. पाणी बदलायला, कापड नीट पिळायला दर वेळी दोन मिनिटं जातात आणि घाई असेल तर हेच पहिलं सुटतं. सुट्टीच्या दिवशी ती गेल्यावर हॉलची लाईट बंद करा, मोबाइलची टॉर्च फरशीला टेकवून तिरपी धरा, फरशीवर राखाडी फराटे दिसले तर समजा एकाच बादलीत घर निघालंय. दुसरी जागा म्हणजे दाराच्या मागचा कोपरा, जिथे दार उघडलं की कोपरा झाकला जातो. तिसरी, कढईच्या कानांची खालची बाजू, बोट फिरवा, चिकट लागलं तर भांडी पुढून घासली गेलीत. ह्या तीन जागा ठीक असतील तर बाईला ४० मिनिटांचे पूर्ण पैसे आनंदाने द्या, तिच्या हाताला वेग आहे त्याचा दंड तिला कशाला.

आता आधीच्या बाईचा दीड तास. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला वाटतं ती आधी पसारा उचलायची, मुलीचे कंपास-वह्या, चपला, सोफ्यावरचे टॉवेल, मग झाडू घ्यायची. आणि कचरा. आपल्या इंदौरात ओला-सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, सॅनिटरी वेगळं, बॅटऱ्या-वायरी वेगळ्या, सहा-सहा प्रकार करून द्यायचे, गाडीवाले भैया मिक्स दिसलं की परत करतात. २०१७ पासून आपण स्वच्छतेत देशात पहिले येतो ते काही उगाच नाही. पण हा सॉर्टिंगचा वेळ घरात कोणाच्या खात्यात जातो ते बघा, बहुतेक बाईच्या. रात्रभर कांद्याची सालं, दुधाच्या पिशव्या आणि मुलीचे चिप्सचे पाकीट एकाच डब्यात टाकलं तर सकाळी कोणीतरी हाताने निवडणारच. नव्या बाईने ते काम घेतलेलंच नाही असं मला वाटतं, तिला सांगितलं तरी होतं का? लावताना तोंडी ठरतं, 'झाडू-पोछा-बर्तन', आणि त्या तीन शब्दांत प्रत्येकाचं वेगळं काहीतरी असतं. तुमच्यात बाथरूम आलं का? जाळे? गॅलरी? एक कागद घ्या, रोजचं काम लिहा, आठवड्याचं लिहा (जाळे, डस्टिंग, बाथरूम घासणं), तिला वाचून दाखवा आणि मग पगार ठरवा. मिनिटांवर ठरवलंत तर तुम्ही मिनिटं मोजत बसाल आणि ती वेळ काढत बसेल.

अजून एक, ज्या दिवशी नर्मदेचं पाणी नसतं त्या दिवसाचं. आपल्याकडे नळ एक दिवस आड येतो, टाकीत पाणी बेताचं असेल तर बाई तरी बादली कितीदा बदलणार? बाथरूम धुणं, गॅलरी धुणं हे पाण्याच्या दिवशीच ठेवा, मग त्या दिवशी ती जास्त वेळ घेईल आणि दुसऱ्या दिवशी कमी, सासूबाईंनी सरासरी काढावी.

प्रश्न : ताई, मी निवृत्त आहे, वय ७१. लोकमान्यनगरला आमचं जुनं घर, तळमजला आणि वर दोन खोल्या, सगळीकडे कोटा स्टोन. नातीच्या लग्नाआधी डीप क्लीनिंग करून घेतलं. एजन्सीने सांगितलं तीन माणसं, सहा तास. आली तीन माणसं, पण साडेतीन तासांत सामान आवरून मोकळे, पैसे पूर्ण मागितले आणि मी दिले. वर दोन दिवसांनी खालच्या बाथरूमबाहेरच्या कोट्यावर पांढरे डाग दिसायला लागले, कितीही पुसले तरी जात नाहीत. मी फसलो का?

उत्तर : काका, दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. डागावरून सुरुवात करते कारण तीच खरी वाईट गोष्ट आहे.

तो डाग नाही, ती जळालेली फरशी आहे. कोटा म्हणजे चुनखडीचाच दगड, संगमरवरही त्याच जातीचा, आणि चुन्यावर ॲसिड पडलं की चुना विरघळतो, वरची चकाकी जाते आणि पांढरट खरबरीत राहतं. बोअरच्या पाण्याचा जो पांढरा थर नळावर, टाइल्सवर बसतो तोही चुन्याचाच, म्हणून त्यावर ॲसिड जादूसारखं चालतं, अर्धा तास घासायचं काम दोन मिनिटांत होतं. बाथरूममध्ये टाइल्स आहेत तिथे ते चालून गेलं असेल, पण पाणी बाहेर वाहिलं आणि कोट्यावर साचलं. तुमचे अडीच तास जे वाचले त्यातला एक तास मला वाटतं ह्या ॲसिडच्या बाटलीत आहे. साबण, लिंबू, व्हिनेगर काहीही लावू नका, लिंबू आणि व्हिनेगर तर पुन्हा ॲसिडच. पॉलिशवाल्याला बोलवून तेवढा पट्टा मशीनने घासून घ्यावा लागेल, दुसरा इलाज नाही. एजन्सीला डागाचा फोटो पाठवा आणि त्याचा खर्च मागा, सरळ मागा, लाज कसली त्यात.

आणि हे सगळ्यांसाठीच, टॉयलेट क्लिनर आणि ब्लीच एकत्र कधीच टाकायचं नाही. घाईत लोक 'दोन्ही टाकू, जास्त स्वच्छ होईल' करतात, त्यातून क्लोरीन वायू निघतो. आमच्याकडे एकदा बाई बाथरूममधून खोकत-खोकत बाहेर आली, डोळे लाल, मी तिला गॅलरीत बसवलं, खिडक्या उघडल्या, पंखा लावला, तरी अर्धा तास छाती भरलेली. दोन्ही बाटल्या मीच आणून ठेवल्या होत्या शेजारी-शेजारी, तेव्हापासून एक वरच्या माळ्यावर असते.

आता तासांचा हिशेब. तीन माणसं सहा तास म्हणजे १८ माणूस-तास झाले, तुम्हाला मिळाले साडेदहा. कोटेशन तासावर असेल तर तुम्ही सात-साडेसात तासांचे पैसे जास्त दिलेत. पण बहुतेक एजन्स्या कामावर भाव देतात आणि तास नुसते अंदाज म्हणून सांगतात, म्हणजे त्यांनी काम पूर्ण केलं असेल तर लवकर केल्याचा दोष नाही, मशीन आणलं असेल तर साहजिकच लवकर होतं. प्रश्न एवढाच की पूर्ण केलं का. आणि हे पैसे देण्याआधी बघायचं असतं, काका, नंतर नाही. एक्झॉस्ट फॅनची पाती, दाराच्या चौकटीची वरची कडा, सरकत्या खिडकीचा रूळ, कमोडच्या मागची भिंत, गॅस शेगडी उचलून तिच्या खालचा ओटा, स्विचबोर्डाच्या बाजू. जुनं पांढरं रुमाल हातात घ्या आणि ह्या सहा जागी फिरवा, पाच मिनिटं लागतात आणि मंडळी समोर उभी असतात त्यामुळे जे राहिलं ते तिथेच करून देतात. अर्धे पैसे सुरुवातीला, अर्धे रुमाल फिरवून झाल्यावर.

पहिल्यांदा घर खोलून साफ होतं तेव्हा वेळ जास्तच लागायला हवा हेही लक्षात ठेवा, कारण घाण भिजायला वेळ द्यावा लागतो. चिमणीची जाळी गरम पाण्यात साबण घालून तासभर भिजली पाहिजे, (धुण्याचा सोडा लोक टाकतात पण जाळी ॲल्युमिनियमची असेल तर काळी पडते, स्टीलची असेल तर चालतं, आधी बघून घ्या), नळावरच्या थराला लिंबूसत्वाचं पाणी कापडात गुंडाळून अर्धा तास ठेवावं लागतं. ह्या भिजण्याच्या वेळात माणसं पंखे, जाळे, खिडक्या करतात. जो येतो आणि आल्या-आल्या घासायलाच लागतो त्याच्याकडे एकतर बळ फार आहे किंवा बाटली.

प्रश्न : आम्ही दोघं वर्क फ्रॉम होम, विजयनगर. बाई दोन तास लावते, मध्ये फोनवर बोलते, गॅलरीत उभी राहते. टोकावं का? वाईट वाटेल का?

उत्तर : काम होतंय का? मग दोन तासांत होऊ द्या, पगार तासावर नाही ना. तुमच्या मीटिंग चालू असतात म्हणून ती त्या खोलीसाठी थांबते आहे का हेही बघा, मला तर तसंच वाटतंय. कोणती खोली किती वाजता रिकामी असेल एवढं सकाळी सांगून टाका. आणि ती फोनवर बोलते ते तुम्हीही बोलता, हेडफोन लावून.

प्रश्न : आमची बाई आपल्या बारा वर्षांच्या मुलीला बरोबर आणते, मुलगी भांडी घासते, आई झाडू-पोछा मारते, दोघी मिळून अर्ध्या तासात होतं. आम्हालाही ऑफिसची घाई असते म्हणून सोयीचं पडतं. पण शेजारच्या काकू म्हणाल्या हे बरोबर नाही. खरंच काही अडचण आहे का?

उत्तर : काकू बरोबर आहेत. घरकामाला लहान मुलं लावण्यावर आपल्याकडे ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे आणि २०१६च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलांना कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. आईला मदत म्हणून आली असं म्हणून सुटत नाही, घर तुमचं आहे आणि भांडी तुमची आहेत. कायदा जाऊ द्या, सकाळी ती मुलगी तुमच्या सिंकपाशी उभी आहे म्हणजे शाळेत किंवा अभ्यासाला नाहीये, हे तर दिसतंय ना.

पण बाईवर ओरडू नका, ती मुलीला घरी एकटी सोडायला घाबरत असेल, कारण विचारा आधी. शाळा दुपारची असेल तर मुलगी येऊन हॉलमध्ये अभ्यास करत बसू दे, शाळा सकाळची असेल तर बाईची वेळच बदला. काम अर्ध्या तासाऐवजी तासाचं होईल आणि तो तास तुम्हाला काढावा लागेल. रात्रीची भांडी खरकटं काढून, पाणी घालून भिजत ठेवा, सकाळी तिची दहा मिनिटं तिथेच वाचतात. बाईंचं वय १६ ते ५९ मध्ये असेल तर ई-श्रम पोर्टलवर (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी) नाव आहे का विचारा, २०२१ पासून घरकाम करणाऱ्यांचीही त्यात नोंद होते, आधार, आधारला जोडलेला तिचा मोबाइल आणि बँक पासबुक घेऊन तुमच्याच मोबाइलवर करून देता येतं, रविवारी चहा टाका आणि बसा दोघी.