डेटनच्या यादीत नसलेली नावं

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. अभियांत्रिकीसाठी अमेरिकेतल्या डेटनला प्रवेश झाला, फार आनंद वाटला. घरचे विचारतात, "हे डेटन कुठे आलं? एखाद्या मोठ्या शहरात नाही का मिळालं?" म्हणून तू त्या गावच्या नामवंतांची यादी शोधून काढलीस आणि ती वाचून उलट जास्तच खचलीस. राइट बंधू, कवी पॉल लॉरेन्स डनबार, संशोधक चार्ल्स केटरिंग, धावपटू एडविन मोझेस. "अशी माणसं मुळातच वेगळी असतात, आपण कुठे," असं तू लिहिलंस. हे वाक्य मी तसंच सोडून देणार नाही. ओहायो राज्यातल्या त्या परिसरात मी नोकरी केली, तिथल्या माणसांची चरित्रं आवडीने वाचली, आणि माझं मत नेमकं उलट झालं आहे. यादीत प्रत्येक नाव एकेकटं असतं. प्रत्यक्षात त्यातलं एकही माणूस एकटं नव्हतं. तू तिथे जाणारच आहेस, तर त्यांच्या आजूबाजूला कोण होतं ते बघायची सवय लाव.

सुरुवात एका शाळेपासून करू. डेटनच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये दोन मित्र एका वर्गात शिकत होते. ऑर्विल राइट हा बिशपचा मुलगा. पॉल डनबार हा वर्गातला एकमेव कृष्णवर्णीय विद्यार्थी. पॉलचे आईवडील दोघंही केंटकीत गुलामीत राहिलेले. वडील तिथून निसटले आणि यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात लढले. आई मटिल्डा लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची, आणि मुलाला अक्षरओळखही तिनेच करून दिली. शाळेत पॉल चमकत होता. शाळेच्या वार्तापत्राचा संपादक, साहित्य मंडळाचा अध्यक्ष. ऑर्विलला छपाईचा नाद. त्याने शेवटचं वर्ष पुरं न करताच शाळा सोडली आणि छापखाना चालवायला घेतला. पॉलने १८९० मध्ये कृष्णवर्णीय वाचकांसाठी 'डेटन टॅटलर' नावाचं साप्ताहिक काढलं, ते या राइटांच्याच छापखान्यात छापलं गेलं. पैशांअभावी ते लगेचच बंद पडलं.

आता पुढे काय झालं ते बघ. शाळा सोडलेल्या ऑर्विलला प्रमाणपत्र कुणी विचारलं नाही. छापखाना झाला, १८९२ मध्ये थोरल्या विल्बरबरोबर सायकलचं दुकान झालं, गिऱ्हाईक मिळालं, उधारी मिळाली. पॉल मात्र १८९१ मध्ये शिक्षण पूर्ण करून बाहेर पडला आणि कार्यालयांचे, वर्तमानपत्रांचे उंबरे झिजवत राहिला. कातडीच्या रंगामुळे कुणी घेईना. शेवटी कॅलहन बिल्डिंगमध्ये लिफ्ट चालवायचं काम मिळालं, आठवड्याला ४ डॉलर. गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो लिफ्टमध्येच वाचायचा, लिहायचा. पहिला कवितासंग्रह छापायला १२५ डॉलर लागले, ते त्याने लिफ्टमधून ये-जा करणाऱ्यांना डॉलरला एक प्रत विकून फेडले.

ही गोष्ट बरेच जण 'जिद्द असेल तर लिफ्टमध्येही कविता होते' अशा थाटात सांगतात. मला तो थाट आवडत नाही. त्या वर्गातल्या सर्वांत हुशार मुलांपैकी एकाला त्या शहराने लिफ्टमध्ये उभं केलं, हे आधी नीट वाचायला हवं. त्याच्या कविता त्याच्या आहेत, लिफ्ट शहराची आहे. तुझं शैक्षणिक कर्ज मंजूर झालं, आईने दागिने ठेवले, मोठ्या बहिणीने स्वतःची पुढची परीक्षा लांबवली. यशाचा हिशेब मांडताना हे सगळं त्यात धर. आणि तुझ्यापेक्षा हुशार असूनही मागे राहिलेल्या तुझ्या वर्गातल्या मुलींकडे 'त्यांनी मेहनत केली नाही' अशा नजरेने कधी पाहू नकोस.

डनबारबद्दल आणखी एक सांगायचं आहे, कारण ते तुला तिथे गेल्यावर लवकरच लागू पडेल. १८९६ मध्ये विल्यम डीन हॉवेल्स या त्या काळच्या सर्वांत वजनदार समीक्षकाने त्याच्या कवितांचं कौतुक छापलं आणि डनबार देशभर पोचला. पण हॉवेल्सने वाखाणल्या त्या मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या बोलीतल्या कविता. मग प्रकाशकांना, श्रोत्यांना त्याच हव्या झाल्या. प्रमाण इंग्रजीत त्याने मनापासून लिहिलेल्या कवितांना मागणी राहिली नाही. या कौतुकाने आपलं कायमचं नुकसान केलं, असं त्याने पुढे एका पत्रात लिहिलं. तो क्षयाने १९०६ मध्ये वारला, वय अवघं ३३. तुझंही कौतुक होईल. 'भारतीय मुली आकडेमोडीत हुशार' म्हणत प्रकल्पातली गणितं तुझ्याकडे सरकवली जातील आणि यंत्राला हात दुसरेच लावतील. ते गोड वाटेल. पहिल्याच सत्रात कार्यशाळेतलं काम मागून घे. संकोच करू नकोस, एकदा बसलेली ओळख पुसायला फार वेळ लागतो.

राइट बंधूंकडे येतो. विल्बर येल विद्यापीठात जायच्या बेतात होता. बर्फावरच्या हॉकीत तोंडावर काठी बसली, तब्येत ढासळली, बेत मोडला. पुढची काही वर्षं तो घरीच होता, क्षय झालेल्या आईची शुश्रूषा करत आणि वडिलांच्या पुस्तकांत बुडून. ती आई, सुसान, गाड्या बनवणाऱ्या कारागिराची मुलगी. घरात हत्यारं चालवायची ती, वडील नव्हे. हातातलं कसब या भावांकडे आईकडून आलं, हे कुठल्या यादीत दिसणार?

१९०१ च्या उन्हाळ्यात, किटी हॉक या समुद्रकाठच्या गावी, दोघा भावांचं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, अपेक्षेच्या मानाने फारच कमी उचल देत होतं. परतताना विल्बरला वाटलं होतं की आपल्या हयातीत माणूस उडणार नाही, असं ऑर्विलने नंतर सांगितलं. इथे तू अभियंता म्हणून थांब आणि पाहा. त्यांनी पंख आणखी मोठा केला नाही. पंखाला किती उचल मिळेल हे सांगणाऱ्या ज्या कोष्टकांवर सगळं जग विसंबून होतं, ती कोष्टकंच तपासायचं ठरवलं. सायकलच्या दुकानात साधारण ६ फूट लांबीची लाकडी पेटी, एका टोकाला पंखा, आत सायकलचे स्पोक आणि हॅकसॉ ब्लेडचे तुकडे वापरून केलेला तराजू. त्या विंड टनेलमध्ये त्यांनी सुमारे २०० छोटे पंख तपासले. हवेच्या दाबाचा शंभराहून अधिक वर्षं वापरात असलेला ०.००५ हा गुणांक बराच जास्त धरलेला निघाला. त्यांच्या मोजणीत तो ०.००३३ च्या आसपास आला. तुझ्या प्रबंधात एखादं उत्तर जुळत नसेल तेव्हा स्वतःला बोल लावण्याआधी पाठ्यपुस्तकातला आकडा कुठून आला ते शोध.

मग इंजिन. गाड्यांच्या कंपन्यांकडे हवं तसं हलकं इंजिन मिळेना. दुकानात चार्ली टेलर नावाचा मेकॅनिक होता. त्याने आणि भावांनी कागदाच्या चिटोऱ्यांवर रेखाटनं केली, आणि टेलरने एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि हातहत्यारं एवढ्यावर सहा आठवड्यांत इंजिन उभं केलं. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, त्याने पोलादाच्या ठोकळ्यातून काढला. अ‍ॅल्युमिनियमचा भाग डेटनच्याच फाउंड्रीत ओतला गेला. सुमारे १२ अश्वशक्ती. १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकच्या वाळूवर ते विमान उडालं, तेव्हा टेलर डेटनमध्ये दुकान सांभाळत होता. २४ मे या त्याच्या जन्मदिवशी आज अमेरिकेत विमानांच्या देखभाल तंत्रज्ञांचा दिवस पाळतात, पण सर्वसामान्य वाचकाला त्याचं नाव माहीत नाही. आपल्याकडचे टर्नर-फिटर आठव. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाशी पहिल्या दिवसापासून आदराने वाग, आणि शोधनिबंध छापशील तेव्हा त्याचं नाव कुठे येतं ते स्वतः बघ.

त्या दिवशी पहिलं उड्डाण १२ सेकंद, १२० फूट. चौथं ५९ सेकंद, ८५२ फूट. हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण त्यांनी रोजनिशी ठेवली, वाऱ्याचा वेग मोजला, पाच माणसं साक्षीला होती, छायाचित्र आहे. तुझ्या आजोबांप्रमाणे तूही तळपद्यांचं नाव काढलंस. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं ही कथा मलाही लहानपणापासून प्रिय आहे. मात्र त्या उड्डाणाचा समकालीन भक्कम पुरावा पुढे आलेला नाही, म्हणून तिथे कुणासमोर ती वस्तुस्थिती म्हणून मांडू नकोस. तळपद्यांनी खरोखर काय केलं याची कागदपत्रं शोधणं हा त्यांचा अधिक मोठा मान होईल. आणि तुझ्या स्वतःच्या कामाची वही रोज लिही, फसलेल्या प्रयोगांसकट, तारखेनिशी.

कॅथरीनबद्दल लिहिताना मात्र माझा हात थोडा जड होतो. राइटांची धाकटी बहीण. भावंडांत पदवी घेतलेली. डेटनच्या हायस्कूलमध्ये लॅटिन शिकवायची. सप्टेंबर १९०८ मध्ये फोर्ट मायर या लष्करी तळावर ऑर्विलचं विमान कोसळलं, सोबतचा लेफ्टनंट सेल्फ्रिज दगावला, ऑर्विल जबर जखमी झाला. कॅथरीन तातडीने गेली, आठवडेच्या आठवडे त्याच्या उशाशी बसली, आणि शिक्षिकेच्या नोकरीवर पुन्हा परतली नाही. पुढे भावांबरोबर युरोप, राजेरजवाडे, पत्रव्यवहार, सगळं तिने निभावलं. १९१२ मध्ये विल्बर विषमज्वराने गेल्यावर ऑर्विलचं घर तीच पाहत होती. १९२६ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, तिने लग्न केलं तर ऑर्विलने तिच्याशी बोलणं टाकलं. १९२९ मध्ये ती मरणपंथाला लागली तेव्हा तो शेवटी गेला. ऑर्विलच्या कामाबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे, या वागण्याबद्दल अजिबात नाही. तुझ्यासाठी जो कुणी आपलं काम बाजूला ठेवेल, त्याने उद्या स्वतःसाठी काही मागितलं तर आनंदाने दे. तुझ्या बहिणीला तिच्या परीक्षेचं काय झालं ते या आठवड्यातच विचार.

केटरिंगबद्दल थोडक्यात. गाडी हँडल न मारता सुरू करणारा विजेचा स्टार्टर त्याने डेटनमध्ये घडवला; १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला आणि असंख्य माणसांचे हात मोडायचे वाचले. त्याच्याच हाताखालच्या थॉमस मिजलीने १९२१ मध्ये, तिथेच, पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळायची युक्ती शोधली. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. भारतातून ते पेट्रोल जायला २००० साल उजाडलं. 'हे चालतं का' या प्रश्नाशेजारी 'हे कुणाच्या फुप्फुसात जाईल' हा प्रश्न तू विद्यार्थी असतानाच विचारायला लाग.

मोझेससाठी एवढंच: सलग १२२ शर्यती जिंकणारा हा माणूस भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होता, आणि त्याच्या कॉलेजला स्वतःचा धावमार्ग नव्हता.

गेल्यावर काय बघशील? राइटांचं हॉथॉर्न स्ट्रीटवरचं घर शोधत फिरू नकोस, ते हेन्री फोर्डने १९३७ मध्ये उचलून मिशिगनला नेलं. विल्यम्स स्ट्रीटवरचं सायकलचं दुकान मात्र जागेवर आहे. तिथून डनबारने आईसाठी घेतलेल्या घरी जा. तो गेल्यावर मटिल्डा तिथेच राहिली, १९३४ पर्यंत. हफमन प्रेअरीच्या कुरणात राइट बंधूंनी १९०५ मध्ये ३९ मिनिटं विमान हवेत ठेवलं होतं, तिथे पाऊस नसताना जा, चिखल फार होतो. जवळच हफमन धरण आहे. मार्च १९१३ च्या महापुरात शहर बुडालं, त्यानंतर लोकांनी स्वतः पैसे जमवून बांधलेल्या पाच कोरड्या धरणांपैकी ते एक. त्यांना दरवाजेच नाहीत. कायम उघड्या बोगद्यांतून झेपेल तेवढंच पाणी पुढे जातं. स्थापत्यवाल्या मैत्रिणीला घेऊन जा, तिला आवडेल.

थंडीचे बूट इथून घेऊ नकोस, तिथेच घे. तुझ्या पहिल्या प्रकल्पाबद्दल सविस्तर लिही, आणि त्यात कोणी कोणी हात लावला त्या सगळ्यांची नावं घाल. आईबाबांना नमस्कार.

तुझा,
काका