सुरकुतलेला डिकल : आज काहीच करू नका

तुमच्या फोर्ड जीटी४० रेसिंग गाडीच्या प्लास्टिक मॉडेलचा फोटो पाहिला आणि पोटात खड्डा पडला. आकाशी रंग इतका नितळ बसलाय, आणि बॉनेटवरचा नारिंगी पट्ट्याचा डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं पातळ चित्र, मात्र वरून क्लिअर (पारदर्शक थर) मारताच म्हाताऱ्या हाताच्या कातडीसारखा गोळा झालाय. थिनरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो आत्ताच पुसून काढू का, असं तुम्ही विचारलंय. म्हणून बाकी सगळं नंतर. पुसू नका. काडी खाली ठेवा, बॉडी स्टँडसकट एखाद्या डब्याखाली झाका आणि आठवडाभर तिकडे फिरकू नका.

हे इतकं ठासून लिहितोय, कारण माझं शेल्बी जीटी३५० चं मॉडेल असंच गेलं. १९६५ च्या त्या गाड्या सगळ्या पांढऱ्याच निघाल्या, त्यामुळे निळे पट्टे हाच तिचा सगळा तोरा. डिकल रात्री लावले, सकाळी कोरडे वाटले, दुपारी लॅकर क्लिअरचा, म्हणजे तीव्र थिनर असलेल्या क्लिअरचा, चांगला भरघोस थर दिला. डोळ्यांदेखत छतावरच्या पट्ट्याला लाट आली. इथपर्यंतचं नुकसान भरून निघालं असतं, हे मला आता माहीत आहे. गाडी खरी गेली ती पुढच्या दहा मिनिटांत.

मी बोटाने पट्टा दाबायला गेलो. क्लिअर मऊ होता, बोटाचा ठसा उमटला. ठसा घालवायला काडी घेतली, तर तिचे तंतू रंगात रुतले. तंतू काढायला लॅकर थिनर घेतला. थिनरने क्लिअर गेला, पांढरा रंग गेला, प्रायमर गेला, आणि तरीही मी घासतच राहिलो, कारण निळा डाग पांढऱ्यात पसरत चालला होता. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं, लॅकर थिनर त्याला सरळ विरघळवतो. दाराच्या वरच्या कडेची पॅनल लाइन, म्हणजे दोन पत्र्यांमधली फट दाखवणारी कोरीव रेघ, आधी बोथट झाली, मग बुजली. छताच्या त्या भागाला हात लावला तर तो चिकट लागत होता. रंग परत मारता येतो, डिकल दुसरे मिळवता येतात, पण विरघळलेली पॅनल लाइन पुन्हा कोरणं फार कठीण. मी स्क्राइबरने, म्हणजे रेघ कोरायच्या टोकदार हत्याराने, प्रयत्न केला. एका बाजूची ओळ जमली, दुसऱ्या बाजूची वाकडी गेली. दोन्ही दारं शेजारी ठेवून पाहिली की आजही जीव तुटतो.

आता तुमच्या बॉडीबद्दल. मी बहुतेक काम स्प्रे कॅननेच करतो. एअरब्रशवाल्यांचा अनुभव वेगळा असू शकतो, आणि तुमचा क्लिअर नक्की कोणत्या जातीचा हे फोटोवरून सांगता येत नाही. लॅकर धरून लिहितो.

आठवड्याने बॉडी नाकाशी नेऊन वास घ्या. थिनरचा जरासा जरी वास आला तर रंग आतून वाळलेला नाही, परत झाका. वास पूर्ण गेला की ठरवता येईल. सुरकुत्या फक्त पट्ट्यापुरत्या असतील तर पाण्यात भिजवलेल्या १००० च्या आणि मग २००० च्या पॉलिश पेपरने तेवढाच भाग हलक्या हाताने सपाट करा. शेजारच्या पॅनल लाइनच्या कडांवर मास्किंग टेप लावून ठेवा. उंचवट्यांवर आणि कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे खालचं प्लास्टिक लगेच उघडं पडतं.

सपाट झाल्यावर पट्ट्याचा दुसरा डिकल शोधत बसू नका, पट्टा रंगवा. टेपची कड नखाने नीट बसवा, आधी त्या कडेवर आकाशी रंगाचाच हलका फवारा द्या म्हणजे फट बुजेल, मग पांढरा आणि त्यावर नारिंगी. पांढऱ्याशिवाय नारिंगी मळकट दिसतो. निळ्या किनारीला बारीक डिकल पट्टी चालेल. माझं तर आता ठाम मत झालंय की सरळ पट्टे डिकलने करूच नयेत. कंपन्या ते देतात म्हणून आपण लावतो. आकडे आणि अक्षरं मात्र डिकलचीच हवीत. तुमच्या गाडीवर ६ नंबर दिसतोय, म्हणजे १९६९ ची ल मान्स या फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीची विजेती. १९६८ ला हीच चासी, १०७५, ९ नंबर लावून जिंकली होती. आकड्यांचे ते गोल डिकल अजून शाबूत दिसतात, घासताना त्यांच्यावर टेप चिकटवू नका, टेपसोबत निघून येतील. कागद धरा.

सुरकुत्या सगळ्या बॉडीवर असतील तर मात्र रंग उतरवावाच लागेल. मी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून ठेवतो आणि जुन्या टूथब्रशने घासतो. त्याने लॅकर विरघळत नाही, फुगून सालपटासारखा सुटतो. आधी तोच रंग मारलेल्या स्प्रूच्या (भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या) तुकड्यावर करून बघा, प्रत्येक प्लास्टिक सारखं नसतं. काचा आणि क्रोमचे भाग काढल्याशिवाय बॉडी बुडवू नका. आणि खिडकी उघडी हवी, जवळपास ज्योत नको.

बदली डिकल शीट मागवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय. मागवा, पण त्याच्यासाठी थांबू नका. माझ्या वेळी किटच्या कंपनीच्या सुट्या भागांच्या विभागाला मी लिहिलं, नाव घेत नाही. आधी फोटो मागितला. मग पावती. मग खोक्याच्या बाजूचा नंबर, जो फोटोत स्वच्छ दिसत होता. प्रत्येक वेळी उत्तर देणारी व्यक्ती नवी, आणि मी पहिल्यापासून सगळं सांगायचं. सहा आठवड्यांनी कळलं की शीट सुटी मिळत नाही आणि बॉडीही नाही. हेच त्यांना पहिल्या दिवशी ठाऊक असणार. नकाराचं मला वाईट वाटलं नाही, जुन्या किटचे भाग संपतात. पण सहा आठवडे त्या आशेवर मी बॉडी तशीच टेबलावर ठेवली, मास्किंग करून पट्टे रंगवायचा विचारही केला नाही, आणि त्या काळात छंदावरचं मनच उडालं. पुढे जवळजवळ वर्षभर एकही खोकं उघडलं नाही.

पुढच्या वेळी क्लिअर कसा मारायचा, ते थोडक्यात. डिकल लावल्यावर निदान तीन दिवस थांबा, डिकल मऊ करणारा सॉफ्टनर वापरला असेल तर चार. पाणी डिकलखाली अडकून राहतं आणि वरून कळत नाही. पहिले तीन थर पंचवीस-तीस सेंटिमीटरवरून, नुसती धूळ बसावी तसे, मध्ये पंधरा मिनिटं सोडून. तेव्हा पृष्ठभाग खरखरीत दिसतो आणि हात शिवशिवतात. तरी ओला थर शेवटीच. जाड क्लिअर तसाही वाईट दिसतो : १/२४ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये ०.१ मिमी थर म्हणजे खऱ्या गाडीवर २.४ मिमी. डिकलवर आधी पाण्याच्या ॲक्रिलिक क्लिअरचा पातळ थर द्यावा असं बरेच जण सांगतात. त्यांना जमतं, माझ्याकडे कधी टिकला तर कधी नाही, म्हणून मी त्यावर विसंबत नाही. टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून वापरायचा दोन घटकांचा) कुणी सुचवला तर त्यात आयसोसायनेट असतं हे लक्षात ठेवा. योग्य रेस्पिरेटर नसेल तर डबा उघडूच नका, साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही.

आणि प्लास्टिकचा चमचा. किटमधला न वापरलेला एखादा लोगो चमच्याच्या पाठीवर लावा, खाली तोच प्रायमर, तोच रंग, वर तोच क्लिअर, वाळायला तितकेच दिवस. बॉडीच्या एक दिवस आधी चमचा रंगवायचा. जीटी३५० नंतर माझ्या प्रत्येक गाडीचा असा एक चमचा आहे, मागे तारीख आणि रंगाचा नंबर लिहिलेला.

पट्टा छतावर आणि मागच्या झाकणावरही सुरकुतलाय का, ते फोटोत दिसत नाही. बॉडी न उचलता, स्टँडवर असतानाच बाजूने उजेड पाडून एक फोटो टाका. त्यावरून नुसतं घासून भागेल की सगळं उतरवावं लागेल, हे सांगता येईल.