डोंगल पिन मागतोय, देऊ का?

या महिन्यात डोंगलवर (यूएसबीत खोचायचा, सिमवर चालणारा नेटचा छोटा मोडेम) तीन पत्रं आलीत आणि तिन्ही लॉकचीच, तर म्हटलं एकदमच घेऊन टाकू.

प्रश्न : सर, माझ्याकडे डेस्कटॉप आहे, विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलंय, नेट डोंगलवर चालतं. गंमत अशी की रात्री नीट शटडाउन करून झोपलो की सकाळी नेट आपोआप जोडलं जातं, पिन मागत नाही. पण लाइट गेली की परत चालू केल्यावर सिमचा पिन मागतो म्हणजे मागतोच. दुकानदार म्हणतो मोडेम गेलाय, नवा घ्या. घेऊ का? (एक वाचक, सांगोला)

उत्तर : अजिबात घेऊ नका, पैसे खिशात ठेवा. मोडेम ठणठणीत आहे.

आधी एक बघा. आज रात्री कॉम्प्युटर शटडाउन केल्यावर भिंतीवरचं बटण तसंच चालू ठेवा आणि खोलीतली लाइट घालवून सीपीयूच्या मागे डोकवा. डोंगलचा दिवा लुकलुकत असेल. बऱ्याच मदरबोर्डांवर कॉम्प्युटर बंद झाला तरी यूएसबीला पाच व्होल्ट जातच राहतात, त्यामुळं तुमच्या दृष्टीनं सगळं बंद झालं पण डोंगल आणि त्यातलं सिम रात्रभर जागंच असतं. सिमचा नियम एवढाच, की एकदा बरोबर पिन दिला की करंट तुटेपर्यंत परत विचारायचं नाही. शटडाउनला करंट तुटत नाही, लाइट गेल्यावर तुटतो. संपलं. बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग्ज) ईआरपी नावाचं एक सेटिंग असतं, ते चालू केलं तर शटडाउनलाही करंट तुटेल आणि मग रोजच पिन मागेल, म्हणून त्याला हात लावू नका.

आता रोजचा ताप घालवायचा तर सिमचं लॉकच काढा. सोपा मार्ग म्हणजे सिम डोंगलमधून काढून फोनमध्ये घाला, सिक्युरिटीत जाऊन सिम लॉक बंद करा (तिथं एकदा बरोबर पिन लागेल), परत डोंगलमध्ये. लॉक सिमवर असतं, फोनवर नाही आणि कॉम्प्युटरवरही नाही, त्यामुळं एकीकडं काढलं की सगळीकडं निघतं. फक्त बऱ्याच डोंगलमध्ये मोठं सिम बसतं आणि तुमचं नॅनो असेल तर ते प्लॅस्टिकच्या जॅकेटमध्ये असणार, तर ते जॅकेट सिमशिवाय रिकामं आत सरकवू नका, आतल्या पिना त्यात अडकून वाकतात आणि मग खरंच नवा डोंगल घ्यावा लागतो.

अर्थात लॉक काढलेलं सिम कुणाच्या हाती लागलं तर तो ते कुठंही घालून वापरू शकतो. नुसत्या नेटसाठी घेतलेलं सिम असेल तर काढा खुशाल. पण ज्या नंबरवर बँकेचे ओटीपी येतात ते सिम असेल तर लॉक राहू द्या, खरं म्हणजे ते सिम डोंगलमध्ये घालूच नये असं माझं मत आहे.

प्रश्न : बाबांच्या कॉम्प्युटरवर मी मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट टाकून दिलं होतं. परवा डोंगलनं पिन मागितला, बाबांना पिन पाठ होता, पण कितीही दाबलं तरी बॉक्समध्ये टिंबच उमटेना. मग काका आले, त्यांनी उजवीकडच्या आकड्यांवरून ०००० आणि अजून काही काही टाकून पाहिलं. आता पिन नाही, पीयूके (पिन चुकून अडकलेलं सिम उघडायचा कोड) मागतोय. मिंटच आहे. (एक वाचिका, चिपळूण)

उत्तर : तुमच्या पत्रातच उत्तर आहे हो. इनस्क्रिप्ट चालू असताना वरच्या ओळीतला आकडा दाबला की मराठी आकडा जातो, आणि पिनच्या बॉक्सला फक्त इंग्रजी आकडे चालतात, म्हणून तो गप्प. बाबांना वाटलं पिन चुकला. पिन बरोबरच होता, कीबोर्ड मराठीत होता! उजवीकडचे आकडे मात्र इंग्रजीच जातात, त्यामुळं काकांचे अंदाज एकेक करत थेट सिमपर्यंत पोचले. (नमलॉक बंद असेल तर याच्या उलट होतं, उजवीकडचे आकडे दाबून काही उमटत नाही. टिंब उमटत नसेल तर पिनवर शंका घ्यायच्या आधी कीबोर्डवर घ्या.)

पिनला तीन संधी असतात आणि मोजणी सिमच्या आत होते. डोंगल उपसून परत खुपसला, कॉम्प्युटर रिस्टार्ट केला, दुसऱ्या फोनमध्ये घातलं, काहीही केलं तरी ती मोजणी पुसली जात नाही, फक्त बरोबर पिन दिला तरच परत तीन होतात. पीयूकेला दहा संधी, आणि त्या संपल्या की सिम कायमचं गेलं, मग कुणीही चालू करून देऊ शकत नाही. मी स्वतः एक सिम असंच घालवलंय, रात्री दीड वाजता, "आता हा शेवटचा" असं सात वेळा म्हणत. तेव्हा काकांना सध्या कॉम्प्युटरजवळ येऊ देऊ नका.

सिम ज्या कार्डातून तोडून घेतलं ते प्लॅस्टिकचं कार्ड घरात कुठंतरी असेल, आधी ते शोधा, पीयूके बऱ्याचदा त्यावर छापलेला असतो, आठ आकडी. नसेल तर ज्याच्या नावावर सिम आहे त्यानं कंपनीला फोन करावा, ओळख पटली की देतात. मिळाला की सिम साध्या फोनमध्ये घाला, फोन पीयूके आणि मग नवा पिन विचारेल. नाहीच विचारलं तर **०५* मग पीयूके, परत *, नवा पिन, *, तोच पिन परत आणि # (आकडे सगळे इंग्रजीच हं).

आणि हे झाल्यावर विसरू नका, मिंटमध्ये नेटवर्क कनेक्शनमध्ये जाऊन मोबाइल ब्रॉडबँडचं कनेक्शन उघडा. तिथं पिनचा रकाना असतो, त्यात कधीकाळी जुना पिन सेव्ह केला असेल तर पुसून टाका. नाहीतर तुम्ही नवा पिन ठेवून निवांत बसाल आणि कॉम्प्युटर जुनाच पुढं करून तुमच्या तीनातली एक संधी खाईल.

प्रश्न : जुन्या नेटसेटरमध्ये (कंपनीनं विकलेला डोंगलच) दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं तर अनलॉक कोड मागतोय. सिमचा पिन टाकला, पीयूके टाकला, दोन्ही चुकीचे म्हणतो. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : थांबा, अजून काही टाकू नका. हे सिमचं लॉक नाहीच, हे डोंगलचं आहे. ज्या कंपनीनं तो विकला तिनं तो आपल्याच सिमला बांधून ठेवलाय आणि त्याचा कोड त्या डोंगलच्या आयएमईआयवर (प्रत्येक डोंगलचा स्वतःचा ओळख क्रमांक) ठरतो, सिमच्या पिनशी काही संबंध नाही. इथंही संधी मोजक्याच असतात, दोन तुम्ही घालवल्यात. विकणाऱ्या कंपनीकडं आयएमईआय सांगून कोड मागा, आणि तोवर जुनंच सिम त्यात घालून चालवा.