रोमँटिक काळातल्या (युरोपात साधारण अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत) कलेत देवाची जागा माणसाने घेतली, म्हणजे नेमकं काय झालं?

स्पॅनिश चित्रकार गोयाचं '३ मे १८०८' हे चित्र (१८१४, आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात) बघा. नेपोलियनचे सैनिक माद्रिदच्या बंडखोरांना गोळ्या घालतायत. पांढऱ्या सदऱ्यातल्या एका साध्या माणसाने दोन्ही हात पसरलेत, थेट क्रुसावरच्या येशूसारखे. उजव्या तळव्यावर खिळ्याच्या जखमेसारखा व्रणही आहे! पण आकाश काळंकुट्ट. ना देवदूत, ना दिव्य प्रकाश. उजेड येतो तो जमिनीवर ठेवलेल्या कंदिलाचा. एक भिक्षूही हात जोडून बसलाय, पण नजर त्याच्यावर ठरत नाही. धर्माची खूण ठेवली, मान मात्र अनाम माणसाला दिला.

अर्थात सगळेच असे नव्हते. जर्मनीचा चित्रकार फ्रीडरिख डोंगरमाथ्यावर क्रूसच रंगवत होता. उलट इंग्रज कवी शेलीला नास्तिकतेवरच्या पत्रकापायी १८११ मध्ये ऑक्सफर्डमधून काढून टाकलं.