अंगातून वाफा येतात तेव्हा

अगं, आधी घाबरू नकोस. बसल्याजागी छातीतून गरम लोट उठतो, मान-चेहरा लाल होतो, घाम फुटतो आणि मग एकदम थंडी वाजते, हे सगळं रजोनिवृत्तीच्या काळात होतंच. इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हॉर्मोन कमी-जास्त होऊ लागलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र फार हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी ते घाम काढून गार करायला धावतं. झटका बहुधा १ ते ५ मिनिटांत ओसरतो.

मला रात्रीचाच त्रास जास्त. मानेखालची उशी ओलीचिंब व्हायची. मग जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ सुती चादरी घेतल्या, उशाशी गार पाणी आणि एक कोरडा कुर्ता ठेवला. अंधारात चाचपडावं लागलं नाही की झोप लवकर परत लागते.

झटका कधी आला, त्याआधी काय झालं होतं, हे पंधरा दिवस लिहून ठेव. गरम चहा, तिखट, मद्य, ताण यांनी काहींना झटका येतो, काहींना यातलं काहीच लागू नसतं.

आणि सहन करत बसू नकोस, हे मात्र मनापासून सांगते. हॉर्मोन उपचार सर्वांत गुणकारी आहेत, पण स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गाठी झालेल्यांना ते सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी हॉर्मोनविरहित गोळ्या आहेत. डॉक्टरांना थायरॉइडही तपासायला सांग, त्यानेही असंच होतं. पाळी १२ महिने बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात दाखव.