खांदा कोणी दिला?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुमच्या उपनगरातल्या क्लबच्या फलकावर ज्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाचे नाव आहे, त्याच्या मृत्यूच्या तारखेने तुला भंडावून सोडलेले दिसते. घरी आलेल्या तारेत तो ३० मार्च १९४४ पासून बेपत्ता आहे, बव्हेरियातल्या डर्नबाख येथील कबरीवर ३१ मार्च कोरले आहे आणि फाइलमध्ये त्याच वर्षाच्या शरद ऋतूतली तिसरीच एक तारीख आहे. यातली खरी कोणती, असे तू विचारतेस. तिन्ही खऱ्या आहेत. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गवर बॉम्बहल्ल्यासाठी निघालेली ब्रिटिश विमाने ३० तारखेच्या रात्री उडाली, त्यांतली ९५ परतली नाहीत, आणि त्या रात्रीचा खरा संहार मध्यरात्र उलटल्यावर झाला. सहा महिने वाट पाहूनही काही कळले नाही म्हणजे सरकार बेपत्ता माणसाला कागदोपत्री मृत धरत असे. तिसरी तारीख त्या नोंदीची आहे. हा गुंता इथेच संपला, त्यावर आणखी रात्री घालवू नकोस.

मला खटकले ते दुसरेच. तू पाठवलेल्या अकरा पानांत त्याच्या लँकॅस्टर बॉम्बफेकी विमानाच्या इंजिनांची माहिती आहे, बॉम्बचे वजन आहे, विमान पाडणाऱ्या जर्मन वैमानिकाविषयी तर्क आहेत. पण विमान शेतात कोसळल्यानंतर त्या मुलाचे काय झाले, याबद्दल एक ओळ नाही. आपल्याकडे कोणी गेल्याचे कळले की आपण विचारतो, कोण कोण पोहोचले, खांदा कोणी दिला. हा प्रश्न तू स्वतःच्या आजोबांविषयी नक्की विचारला असतास. मग याच्याविषयी का नाही विचारलास? त्याला कोणी उचलले, कुठे पुरले, तिथून कोणी आणि कशासाठी हलवले, आणि तो तोच आहे हे कशावरून ठरवले? मृत्यूचा शोध विमान पडते तिथे सुरू होतो. तू तिथे थांबलीस.

रॉडन मिडलटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाचे उदाहरण घे. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री तुरीनवरच्या हल्ल्यात जबर जखमी होऊनही त्याने विमान इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत आणले, सोबत्यांना उडी मारता यावी म्हणून, आणि स्वतः समुद्रात गेला. हे शौर्य सगळे सांगतात, त्यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण १ फेब्रुवारी १९४३ ला डोव्हरच्या किनाऱ्यावर त्याचा देह लागला आणि सफोकमधल्या बेक रो गावात त्याला लष्करी इतमामाने पुरले, हे सांगायला कोणी थांबत नाही. ऑस्ट्रेलियातल्या घरी त्या दोन महिन्यांत काय चालले असेल, याचा विचार कर.

तुझ्या या वैमानिकाच्या बाबतीत उत्तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या ए७०५ या मालिकेत आहे. तू त्याची सेवा-फाइल पाहिलीस. ती ए९३०० किंवा ए९३०१ मध्ये असते, आणि तिच्यात बदल्या, रजा, शिक्षा सापडतात. मृत्यूची फाइल वेगळी. ब्रिटिश हवाई दलाच्या बेपत्तांचा शोध घेणाऱ्या पथकाने १९४९ पर्यंत युरोपभर गावोगाव फिरून पाद्री, सरपंच आणि कबर खणणारे यांना जे विचारले, त्याचे अहवाल अशा फाइलींत लागलेले असतात. कबर उकरल्यावर शर्टाच्या कॉलरवरची धोब्याची खूण, अंगठी, बुटाचे माप, असे जे हाती लागेल त्यावरून त्या माणसांनी ओळख पटवली. अशाच एका अहवालात गडद निळ्या कापडाच्या तळहाताएवढ्या तुकड्याची नोंद मी वाचली आहे. ब्रिटिशांचा गणवेश करड्या झाकीचा निळा, ऑस्ट्रेलियनांचा गडद निळा. त्या विमानात ऑस्ट्रेलियन एकच होता, आणि तेवढ्या कापडावर त्याला त्याचे नाव परत मिळाले. त्यानंतर गावच्या दफनभूमीतून त्याला मोठ्या युद्ध दफनभूमीत नेले. पुण्याजवळ खडकीतही पश्चिम आणि मध्य भारतातल्या विखुरलेल्या कबरी अशाच एकत्र आणल्या. म्हणून म्हणतो, दगड पाहिलास म्हणजे शेवटचा मुक्काम पाहिलास, प्रवास नाही.

हे मी अनुभवाने बोलतो आहे. वीस वर्षांपूर्वी एका वृद्ध बाईंसाठी मी त्यांच्या भावाची कबर शोधून दिली. त्यांनी एकच विचारले, "तो तिथे एकटाच आहे का?" मला वाटले, त्यांना मानाची, स्वतंत्र जागा हवी आहे. मी म्हणालो, "हो, त्याच्या नावाचा स्वतंत्र दगड आहे." त्या गप्प झाल्या. दोन वर्षांनी त्या गेल्या, आणि त्यानंतर केव्हातरी मी ती फाइल पहिल्यांदा पूर्ण वाचली. चार सोबत्यांचे अवशेष वेगळे करता आले नव्हते, म्हणून चौघांना एकत्र ठेवून चार दगड एकमेकांना खेटून उभे केले होते. नोंदवहीत कबरीच्या क्रमांकाआधी 'कोल.' (कलेक्टिव्ह, म्हणजे सामूहिक कबर) हे संक्षिप्त रूप स्पष्ट छापलेले होते आणि मी ते ओलांडून पुढे गेलो होतो. बाईंना भाऊ एकटा पडल्याची धास्ती आयुष्यभर होती. ती दूर करणारी ओळ माझ्या हाताखाली होती.

तेव्हापासून मी हट्टी झालो. मी हाडांचा हिशेब मांडतो आणि घरच्यांच्या जखमा उकरतो, असे माझ्या तोंडावर म्हणणारे आहेत. मला ते मान्य नाही. जखम उकरतो तो अर्धवट माहिती गोड करून सांगणारा, आणि तो मी एकदा होऊन चुकलो आहे. देहाची अवस्था सांगणारे पान कुटुंबाला दाखवावे की नाही, असे तू विचारले आहेस. असे पान आहे हे त्यांना सांग, ते आधी स्वतः वाच आणि मग त्यांना किती ऐकायचे आहे ते विचार. त्यांच्या वतीने तू ठरवू नकोस. मी ठरवले होते.

आणि समजा, पुढच्या कोणाच्या बाबतीत कबरच निघाली नाही आणि नाव इंग्लंडमधल्या रनीमीडच्या, कबर नसलेल्या हवाई सैनिकांच्या स्मारकावर वीस हजारांहून अधिक नावांत सापडले, तरी हाच प्रश्न विचार. शोधणारे कुठवर पोहोचले होते आणि कुठे थांबले, हेही फाइलीत असते. खांदा द्यायला निघालेली माणसे रिकाम्या हाताने परतली असतील, तर त्यांचे निघणे लिहून ठेव.

आता अकरा पाने बाजूला ठेव. डर्नबाखच्या नोंदीत त्याच्या कबरीच्या क्रमांकाआधी 'कोल.' आहे का, ते आधी पाहा. असेल तर त्याच्या लगतच्या क्रमांकांवर कोणाची नावे आहेत ती उतरवून काढ आणि विमानातल्या सातही जणांच्या यादीशी ताडून मला रविवारपर्यंत कळव.

तुझा,
काका