इंग्लंडमधल्या लहान शहरांच्या बाजारपेठा ओस पडल्यात. तिथे घरं करून आणि दुकानांवरचा कर कमी करून त्या पुन्हा गजबजतील का?

उत्तर इंग्लंडमधल्या अशाच एका शहरात राहतो, म्हणून लिहितो. वूलवर्थ्स २००९ मध्ये संपलं, बीएचएस २०१६ मध्ये, डेबनहॅम्स २०२१ मध्ये. या मोठ्या दुकानांच्या ओढीने येणारं गिऱ्हाईक आसपासच्या छोट्या दुकानांतही डोकवायचं, तेही गेलं.

दुकानदार सगळ्यात जास्त कुरकुरतात ती ‘बिझनेस रेट्स’वर. हा कर नफ्यावर नसतो, जागेला वर्षाचं किती भाडं येईल या अंदाजावर असतो. २०२५-२६ मध्ये लहान जागांचा दर पौंडामागे ४९.९ पेन्स होता. म्हणजे वर्षाचं अंदाजी भाडं २०,००० पौंड धरलेल्या दुकानाला ९,९८० पौंड, धंदा होवो न होवो. त्या वर्षी दुकानांना ४० टक्के सूट होती, तरी सहा हजार उरतातच. हे अंदाजी भाडं १२,००० पर्यंत आणि दुकान एकच असेल, तर कर माफ. त्यामुळे अगदी छोटी दुकानं तगतात, मधली मरतात. ऑनलाइन माल जिथून निघतो त्या गावाबाहेरच्या गोदामांना चौरस मीटरमागे भाडं कमी, म्हणून करही कमी. एप्रिल २०२६ पासून दुकानं-हॉटेलांना कमी दर आणि पाच लाख पौंडांवर अंदाजी भाडं असलेल्या जागांना, म्हणजे मोठ्या गोदामांनाही, जास्त दर लागू झाला. त्यात मोठी सुपरमार्केटंही सापडली, ती गोष्ट वेगळी.

पण नुसत्या करसवलतीवर माझा भरवसा नाही. कर उतरला की पुढच्या करारात मालक भाडं चढवतो.

घरांचं मात्र पटतं. खाली दुकान, वर बिऱ्हाड हे पुण्याच्या पेठांत वाढलेल्याला सांगावं लागत नाही. इथे वरचे मजले रिकामे असतात. कारण साधं आहे: दर्शनी भाग रुंद करायला कित्येक ठिकाणी वर जाणारा स्वतंत्र जिनाच काढून टाकलाय. तो पुन्हा बांधायचा खर्च कोणी करत नाही.

ऑगस्ट २०२१ पासून दुकानाचं घर करायला नेहमीची नियोजन परवानगी लागत नाही. तिथेच मला भीती वाटते. आधी अशाच सवलतीत कार्यालयांची घरं झाली, तेव्हा काही खोल्यांना खिडकीसुद्धा नव्हती. आता उजेडाची आणि किमान ३७ चौरस मीटरची अट आहे, हे बरं. पण घरं वरच्या मजल्यांवर व्हावीत. ओळीतल्या मधल्याच दुकानाला पडदे लागले, की गिऱ्हाईक तिथूनच मागे वळतं.